नवा सिनेमा घरबसल्या, आणि अस्तेय

॥ श्रीगुरवे नमः ॥



गुरुवारच्या वाचनात सध्या आपण यम-नियम घेतो आहोत. अहिंसा आणि सत्य झालं, आता अस्तेय चालू आहे. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. इतकं सोपं वाटलं की बऱ्याच जणींनी तिथेच वही मिटली. आपण कुठे चोरी करतो? पण त्याच आठवड्यात आपल्यातल्या कितीतरी जणींच्या कुटुंबाच्या ग्रुपवर शुक्रवारी लागलेल्या सिनेमाची लिंक शनिवारी रात्री येऊन पडली. "पटकन बघून घ्या, नंतर उडवतात." खाली दहा-बारा अंगठे आणि दोन-चार जोडलेले हात. बडोद्याच्या आम्हा सेवेकरी भगिनींमध्ये यावर बराच वाद झाला, अजूनही तो पुरता मिटलेला नाही. तरी जे सुचलं ते आपल्यासमोर ठेवतो.

घरी सिनेमा बघण्यात काही वाईट आहे असं आमचं मुळीच म्हणणं नाही, हे आधी सांगायला हवं. ज्यांचे गुडघे मल्टिप्लेक्सच्या अंधाऱ्या पायऱ्यांवर रडकुंडीला येतात, ज्यांना कमी ऐकू येतं म्हणून पडद्याखालची अक्षरं लागतात, त्यांच्यासाठी घरचा टीव्ही हे वरदानच आहे. पाच माणसांची तिकिटं, जाणं-येणं आणि पॉपकॉर्न धरलं तर महिन्याच्या हिशेबात केवढा खड्डा पडतो, तेही आम्हीच जाणतो. प्रश्न घरी बघण्याचा नाही. तो सिनेमा घरात कुठल्या दाराने आला, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याला ही सवय लागली ती बंदच्या काळात. २०२० च्या मार्चमध्ये चित्रपटगृहांना कुलपं लागली आणि १२ जूनला 'गुलाबो सिताबो' थेट ॲमेझॉन प्राइमवर आला. अमिताभ बच्चनचा कोरा सिनेमा, पहिल्याच दिवशी, आपल्या बैठकीच्या खोलीत! पुढे चित्रपटगृहं उघडली, पण मन काही पूर्वीच्या जागी गेलं नाही. आता हिंदी सिनेमा घरी यायच्या आधी आठ आठवडे जाऊ द्यावेत, असा मल्टिप्लेक्सवाल्यांचा आग्रह असतो. दक्षिणेकडचे बरेचसे सिनेमे चारेक आठवड्यांतच येतात. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. श्रावण आणि भाद्रपद मिळून होतात साधारण तेवढेच.

आपल्यापैकी अनेक घरांत चातुर्मासात चार-चार महिने कांदा, लसूण, वांगं वर्ज्य असतं. शेजारच्या घरातून भरल्या वांग्याचा वास आला तरी आपण डगमगत नाही. मग एका सिनेमासाठी छप्पन्न दिवस का निघत नाहीत? आम्हाला वाटतं, इथे लोभ सिनेमाचा कमी आणि "मी बघितला" हे सांगण्याचा जास्त असतो. सोमवारी भिशीत सगळ्या त्याच सिनेमाबद्दल बोलणार आणि आपण गप्प बसणार, हे सोसवत नाही. सिनेमा दोन महिन्यांनीही तोच राहणार आहे, गप्पा मात्र शिळ्या होतात.

आमच्यातल्या एका भगिनीने वादात चांगला मुद्दा काढला. ती म्हणाली, "चोरी केव्हा? एकाकडची वस्तू जाऊन दुसऱ्याकडे येते तेव्हा. मी मोबाईलवर सिनेमा बघितला तर निर्मात्याकडचा सिनेमा कमी झाला का? आणि मी तशीही तिकीट काढून गेलेच नसते. मग त्याचं नुकसान काय?" क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग दुसरी म्हणाली, "शिवणाऱ्या ताईंकडून आपण ब्लाउज शिवून घेतो. कापड आपलं, अस्तर आपलं, दोरा-हुकसुद्धा आपण दिले. आणि शिलाई न देता ब्लाउज घेऊन आलो, तर त्यांच्या घरातली कुठली वस्तू कमी झाली? एकही नाही. गेला तो त्यांचा दिवस. आणि 'नाहीतरी मी कुणाकडून शिवून घेणारच नव्हते' असं म्हटलं, तर शिलाई माफ होईल का?"

हे आम्हाला पटलं. डबा उघडून लाडू उचलला तर डब्यात खळगा दिसतो. दुसऱ्याचे कष्ट उचलले तर खळगा कुठेच दिसत नाही, म्हणून ते चोरीसारखं वाटत नाही.

सिनेमामागच्या कष्टांची गोष्ट निघाली की आम्हा बडोदेकरांना दादासाहेब फाळके आठवतातच. ते इथल्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांच्या काळातलं ते कलाभवन म्हणजे आजच्या विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा. पुढे त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईला गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला. पण आपण बायकांनी आठवावं ते सरस्वतीबाईंना. दागिने त्यांचे गेले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी रांधला, आणि कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्याचं किचकट कामही केलं. पडद्यावर मात्र त्या कुठेच दिसत नाहीत. आणि सिनेमा तरी कुणाचा? स्वप्नात दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचा!

आजच्या सिनेमातही अशा न दिसणाऱ्या सरस्वतीबाई असतात. आपल्या एका गुरुभगिनीची भाची मुंबईला संकलन विभागात सहायक आहे. नटनट्यांसारखं मानधन नाही, पुष्कळदा रात्रीचं काम, आणि पुढचं काम मिळणं हे आधीचा सिनेमा चालण्यावर अवलंबून. ती ज्यावर वर्षभर राबली तो मराठी सिनेमा लागला, आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच आजोळच्या ग्रुपवर त्याची चोरलेली प्रत आली. कुणीतरी चित्रपटगृहात बसून मोबाईलवर उतरवलेली, मधे एकदा कुणाचं तरी डोकं आडवं गेलेलं. पाठवणाऱ्या मामांना तिचा हा सिनेमा आहे हे माहीतसुद्धा नव्हतं. ग्रुपवर ती एक अक्षर बोलली नाही. मावशीला मात्र रात्री फोन करून म्हणाली, "शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव आहे गं, पहिल्यांदाच. पण ती प्रत तिथपर्यंत जातच नाही. दिवे लागायच्या आत त्याने मोबाईल बंद केलाय."

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये चलचित्र कायद्यात सुधारणा झाली. सिनेमा चोरून उतरवणाऱ्याला किमान तीन महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि किमान तीन लाख रुपये दंड सांगितला आहे. दंड सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. घरात पांघरूण घेऊन बघणाऱ्यापर्यंत पोलीस येतील का, हा वकिलांचा विषय. आपण अस्तेय वाचतो ते काही पोलिसांच्या धाकाने नाही. शिवाय अशा लिंकबरोबर कुठलंसं ॲप उतरवायला सांगितलं, तर बँकेचे पैसे जाण्याची भीती आहेच. ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा.

पासवर्डचा प्रश्न जरा अवघड निघाला, आणि त्यावर आमचं एकमत झालं नाही. मुलगा बंगळुरूला, मुलगी इंदूरला, आई-वडील बडोद्याला, आणि एकाच वर्गणीवर तिन्ही घरांत सिनेमे चालतात. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतातही सांगून टाकलं की खातं एका घरापुरतंच. आता त्यांचं 'घर' म्हणजे एक छप्पर. आपलं घर म्हणजे एक कुलदैवत! आपल्याकडे चूल वेगळी झाली तरी कुळाचार एक असतो. म्हणून आई-मुलाने एक खातं वापरलं तर त्याला चोरी म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पण वर्गणी भरताना आपणच त्यांच्या अटीवर बोट दाबलेलं असतं, तोही शब्दच आहे, असं आमच्यातल्या दोघी अजून म्हणतात. एक मात्र सगळ्यांनी मान्य केलं. भिशीतल्या बाराजणींनी एक पासवर्ड वापरायचा आणि त्याला कुटुंब म्हणायचं, हे काही खरं नाही.

सगळ्यात खरी अडचण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्यांची आहे. बडोद्याला मराठी सिनेमा लागला तर एखादाच खेळ, तोही भर दुपारी, आठवडाभर टिकला तर नशीब. ग्वाल्हेर-हैदराबादच्या भगिनी तर म्हणतात, इकडे फिरकतच नाही. "आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, पण घेणारा कुणी आहे का?" ही तक्रार खोटी नाही. आपल्या भाषेचा सिनेमा नातवंडांना दाखवायची ओढ चांगलीच आहे. पण ओढ चांगली म्हणून चोरलेली प्रत चालेल, असं आम्हाला वाटत नाही, कारण ती बघून झाली की चित्रपटगृहाकडे खेळ मागायला कुणी उरतच नाही. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा बायका नऊवारी नेसून, नथ घालून, गटागटाने गेल्या, आणि तो सिनेमा कितीतरी आठवडे चालला. मंडळाने पुरेशी नावं जमवून दिली तर आपल्या शहरातही खेळ लावा म्हणून विचारता येतं. ज्या भगिनींना यात मदत करायची आहे त्यांनी आपापल्या केंद्रावर नाव द्यावं.

राहता राहिला प्रश्न तो ग्रुपचा. लिंक बहुतेक वेळा घरातलं मोठं माणूसच टाकतं, आणि सगळ्यांदेखत काकांना "ही चोरी आहे" असं लिहिणं आपल्या रीतीत बसत नाही. मग सुनेने काय करावं? आमच्यातल्या एकीने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. रविवारी दांडिया बाजारात चुलतसासऱ्यांकडे चहाला गेली आणि पोहे खाता खाता त्या भाचीची गोष्ट सांगितली. काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग चष्मा लावून ग्रुपवरची ती लिंक स्वतःच काढली, हे "सगळ्यांसाठी डिलीट" कुठे असतं ते तिच्याकडूनच विचारून घेऊन. आणि म्हणाले, "मग घरी कधी दिसणार हा?" तिने हिशेब करून तारीख सांगितली. काकांनी भिंतीवरची दिनदर्शिका दोन पानं पुढे उलटली, त्या तारखेभोवती पेनने गोल केला आणि काकूंना हाक मारली, "अहो, हे बघा, तोवर मला काही होऊ देऊ नका."

— सेवेकरी भगिनी, बडोदा