सर्वांत उंच चिमणी

लालबागच्या चाळीत आमची आजी दुपारी गॅलरीत आली की आधी गिरणीच्या चिमणीकडे बघायची. धूर कोणत्या अंगाला वळलाय त्यावर दांडीवरचे कपडे राहणार की आत येणार, हे ठरे. बॉयलरला नवा कोळसा पडला की काळाकुट्ट लोट निघायचा. वारा आमच्याकडचा असला तर आजोबांच्या पांढऱ्या लेंग्यावर काजळीचे बारीक कण येऊन बसायचे. ते झटकायचे नाहीत, हलकेच फुंकायचे. झटकले की पसरतात आणि मग साबणालाही दाद देत नाहीत. आजी त्याला 'गिरणीची तीट' म्हणायची. तक्रार कुणाकडे करणार? ज्या गिरणीचा धूर, तिच्याच पगारावर घरची चूल.

आजीची आठवण यायला कारण आहे. पृथ्वीचा ताप उतरवण्यासाठी एक योजना गेली वीसेक वर्षं शास्त्रज्ञांमध्ये गांभीर्याने बोलली जाते आहे. विमानांनी वीस किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, सल्फर डायऑक्साइड सोडायचा. तिथे त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते थोडं ऊन आल्या वाटेने परत पाठवतात. रशियन शास्त्रज्ञ बुडिको यांनी ही कल्पना १९७४ सालीच मांडली होती. ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेल्या पॉल क्रुट्झेन यांनी २००६ मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि तोवर कुजबुजीत असलेला विषय चारचौघांत आला. सौर भू-अभियांत्रिकी असं त्याचं भारदस्त नाव आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला त्यात दिसते ती एक चिमणी, जगातली सर्वांत उंच.

ती चालते का? चालते. निसर्गाने ती चालवून दाखवली आहे. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याने सुमारे दीड कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पुढचं वर्षभर पृथ्वीचं सरासरी तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरलं. परळच्या धुराला हे कधी जमलं नसतं, कारण खालच्या हवेतली घाण पाऊस आठवड्याभरात धुऊन काढतो. स्थितांबर पावसाच्या वर आहे. तिथे गेलेला कण वर्ष-दोन वर्षं तरंगतो, वाऱ्याबरोबर पृथ्वीला फेऱ्या घालतो आणि मग हळूहळू खाली येतो. म्हणून दरवर्षी पुन्हा फवारणी आली. खाली कार्बन साचतच राहिला आणि वरची फवारणी कुठल्या युद्धाने किंवा मंदीने मध्येच थांबली, तर दाबून धरलेली सगळी उष्णता थोड्या वर्षांत एकदम अंगावर येते.

खर्चाचा आकडा मी दोनदा तपासला. स्मिथ आणि वॅग्नर या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला: पहिली पंधरा वर्षं, वर्षाला सरासरी सव्वादोन अब्ज डॉलर. रुपयांत अठरा-एकोणीस हजार कोटी. मुंबई महानगरपालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. म्हणजे आपली महापालिका वर्षभरात जेवढा पैसा हाताळते, त्याच्या चौथ्या हिश्शात साऱ्या पृथ्वीवरचं ऊन कमी करता येतं! मला भीती वाटते ती या स्वस्ताईची. कोळसा सोडायचा तर साऱ्या जगाला हात खिशात घालावा लागतो. आकाशात गंधक सोडायला एखादा देश, किंवा एखादा अब्जाधीश, पुरेसा आहे. २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने मेक्सिकोतून कुणाला न विचारता असे दोन फुगे सोडलेही. गंधक अगदी चिमूटभर होतं. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने असल्या प्रयोगांवर बंदी आणण्याचं जाहीर केलं.

आता आपल्या पावसाकडे येऊ. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावर हवेचा दाब उतरतो आणि अरबी समुद्रावरचं ओलं वारं आत ओढलं जातं, हे आपण शाळेत शिकलो. ऊन मंदावलं की जमिनीचं तापणं कमी आणि समुद्राची वाफही कमी. कार्बनने वाढलेलं तापमान ऊन अडवून पूर्ववत केलं, तरी पाऊस पूर्ववत होत नाही, जगाची सरासरी कमीच भरते. हे दाखवणाऱ्यांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोविंदसामी बाला आघाडीवर आहेत. त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली, ती आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. गंधक कुठे सोडता यावर पावसाचा पट्टा सरकतो: उत्तर गोलार्धात सोडलं तर उत्तरेकडचे मान्सून आक्रसतात, दक्षिणेत सोडलं तर उलट. ॲलन रोबॉक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच इशारा दिला होता की अशा फवारणीने आशिया आणि आफ्रिकेतला उन्हाळी पाऊस बिघडू शकतो. इतिहासात याची सावली आहे. १७८३ च्या जूनपासून आइसलँडमधला लाकी ज्वालामुखी आठ महिने गंधक ओकत होता. त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात पाऊस दगावला आणि विक्रम संवत १८४० वरून ज्याला 'चालिसा' म्हणतात तो दुष्काळ पडला. सगळं खापर लाकीवर फोडता येत नाही. पण आफ्रिका-आशियाचा मान्सून त्या साली कमजोर होण्यात त्याचा हात होता, असं संगणकी प्रारूपं सांगतात.

इथेच खरी मेख आहे. खापर कुणावर?

१९८२ घ्या. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या चिमण्या एकामागून एक थंडावल्या. आजी तेव्हा म्हणाली होती, कपडे स्वच्छ वाळतायत, पण घालून जायचं कुठे? मार्च-एप्रिलमध्ये तिकडे मेक्सिकोत एल चिचॉन फुटला आणि त्याने काही दशलक्ष टन गंधकवायू स्थितांबरात पाठवला. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये मोठा एल निनोही होता. देशात पाऊस बराच कमी पडला. संपात गावी गेलेल्या कोकणातल्या कामगारांना तिथे भात लावणीला हवं तसं आभाळ मिळालं नाही, तर तो दोष एल निनोचा किती आणि ज्वालामुखीचा किती? बहुतेक शास्त्रज्ञ एल निनोकडे बोट दाखवतील. ठीक आहे. पण उद्या ज्वालामुखीच्या जागी एखाद्या सरकारची विमानं असतील, लातूरला सलग दोन वर्षं पाऊस पडणार नाही, आणि ते सरकार म्हणेल, तुमच्याकडे दुष्काळ काय आम्ही आणला? आधीही पडायचेच की. याला उत्तर काय देणार? लेंग्यावरच्या काजळीला गिरणी ओळखता येत होती. न पडलेल्या पावसाला बनवणाऱ्याचा शिक्का नसतो.

प्रारूपांवर भिस्त ठेवावी, असं म्हणणाऱ्यांना मी २६ जुलै २००५ ची आठवण करून देतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्याला ७४. एकाच शहरात. जागतिक प्रारूपाचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो. त्यात हिंदमाता, कुलाबा, सांताक्रूझ आणि तानसा सगळे एका आकड्यात बसतात. शहराचं आयुष्य मात्र तपशिलात आहे. दादर-परळला हिंदमाताचं पाणी ओसरावं म्हणून जमिनीखाली टाक्या बांधल्यात, आणि त्याच वेळी मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत मिळून १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी साठावं म्हणून आपण चार महिने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातला तक्ता बघतो. एक ऑक्टोबरला साठा भरला नसेल तर पाणीकपात. इतक्या अरुंद कठड्यावर चालणाऱ्या शहराला कुणी सरासरीत थोडा फरक पडेल असं सांगितलं, तर शहराने विचारावं, थोडा म्हणजे कोणत्या तलावात?

दुसरी बाजू मी टाळत नाही. मे महिन्यात काळाचौकीच्या पत्र्याखाली राहणारी बाई, लालबागच्या मसाला गल्लीत मिरचीच्या ढिगाशी दिवसभर उभा असलेला हमाल, यांना अर्धा अंश कमी झाला तर हवाच आहे. उन्हाने मरणारी माणसं ही काही तात्त्विक चर्चा नाही. शिवाय हवेत घाण सोडून ऊन अडवण्याचा उद्योग आपण आधीपासूनच करतोय, फक्त कमी उंचीवर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातला मान्सून सुकत गेला, त्यामागे मोठा वाटा कारखान्या-वाहनांच्या धूलिकणांचा होता, असं २०११ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं. त्या धुरानेही आपल्याला थोडं गार ठेवलं आणि थोडा पाऊस नेला. म्हणून या विषयावर संशोधन व्हावं, आणि ते इथे व्हावं, पुण्या-बंगळुरूत, असं माझं मत आहे. ज्यांचा पाऊस आहे त्यांनीच त्याची गणितं दुसऱ्याकडून वाचून घ्यावीत हे बरं नाही. फवारणीला मात्र माझा विरोध आहे.

मुंबईने धुराचं काय केलं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. ताडदेवला कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी काढली; साठेक वर्षांत गिरण्या ऐंशीच्या घरात गेल्या. चिमणी उंच केली की शेजाऱ्याची कटकट कमी होते आणि धूर पलीकडच्याच्या वाटणीला जातो, हे प्रत्येक मालकाला ठाऊक होतं. पण १९१५ पासून टाटांची वीज आली. लोणावळा, वळवण, शिरवता इथे साठवलेलं पावसाचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला आणून ती तयार होई, आणि गिरण्यांची यंत्रं तिच्यावर चालू लागली. सुताला खळ द्यायला आणि रंगाईला वाफ लागायचीच, म्हणून चिमण्या उरल्या, आजीच्या वाट्याला तीट उरली. तरी या शहराच्या धुरावर पहिला खरा उतारा पावसानेच दिला होता.

त्या चिमण्यांसाठी १९१२ मध्ये सरकारने धुराच्या उपद्रवाचा कायदा केला आणि त्याखाली एक आयोग नेमला. वीस किलोमीटर उंचीच्या चिमणीसाठी निदान तज्ज्ञांचा एक गट नेमावा, एवढाच ठराव स्वित्झर्लंडने २०२४ च्या सुरुवातीला नैरोबीत, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत मांडला होता. देशांचं एकमत झालं नाही. ठराव मागे घेतला गेला.