कारण आणि अपराधी

मांजर मेजावर चढतें, संगणकाच्या कळफलकावरून चार पावलें चालतें, आणि यंत्राचा आवाज बंद पडतो. घरांतील मंडळी आधीं मांजरामागें काठी घेऊन धांवतात आणि मग यंत्राकडे वळतात. प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु कारण सांपडलें म्हणजे अपराधीही सांपडला काय, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न त्यांत दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कारणाचें पाहूं. कावळा बसावा आणि फांदी मोडावी, तसेंही झालें असेल. मांजर आलें आणि आवाज गेला, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत जी व्यतिरेकपद्धति मांडली, तिचें मर्म हें कीं, बाकी सर्व परिस्थिति तशीच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडतो तें पाहावें. शोधाचा क्रम यावरूनच ठरतो. आवाज बंद-चालू करणारी कळ पुन्हा एकदां दाबावी. आवाज परत आला तर शोध संपला. न आल्यास पडद्यावरील आवाजाची पट्टी शून्यावर गेली आहे काय, आणि आवाज स्पीकरऐवजीं दुसऱ्याच उपकरणाकडे वळला आहे काय, हें एकामागून एक तपासावें. सर्व गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज येईलही, पण कारण कळणार नाहीं.

आतां मांजराच्याच पंजानें कळ दाबली गेली हें ठरलें, असें समजूं. तरी तें अपराधी कसें? ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे कीं, मुलें व पशू आपल्या इच्छेनें वागतात, परंतु विचारपूर्वक निवड ही त्यांची नव्हे. फ्रान्समधील साव्हिन्यी येथें १४५७ सालीं एका मुलाला ठार मारल्याबद्दल एका डुकरिणीवर रीतसर खटला चालवून तिला फांशी देण्यांत आली. तिच्या सहा पिलांना मात्र सोडून दिलें. आज आपण त्या न्यायाधीशांना हंसतों. पण मांजरावर उगारलेली काठी त्याच न्यायासनाची आहे. आणि तीच काठी पुढें पेला फोडणाऱ्या मुलावर व हातून बशी निसटलेल्या मोलकरणीवर उगारली जाते, हें अधिक गंभीर आहे.

आमच्या मतें, कारण मागें वळून शोधावयाचें असतें. जबाबदारी मात्र पुढचें पाहूं शकणाऱ्यावरच पडते. मांजर येणार हें ज्याला ठाऊक होतें आणि कळफलक झांकणें ज्याच्या हातीं होतें, त्यानें जाब द्यावा. मांजराला जाब देतां येत नाहीं. त्याला मेजावरून अलगद उतरवून ठेवावें, म्हणजे झालें.