जन्मवेळ कुणी टिपली?

पत्रिका उघडली की जातकाचे कान भविष्याकडे लागतात. जाणता ज्योतिषी मात्र आधी विचारतो, "जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरची, की आजीच्या आठवणीतली?" लग्नरास साधारण २ तासांनी बदलते, नवमांश लग्न तर १३-१४ मिनिटांत. वेळच अंदाजे असेल, तर बारकावे सांगायचे कशाच्या भरवशावर? हे तो मोकळेपणाने सांगून टाकतो.

मग साडेसाती. शनीला राशिचक्र फिरायला सुमारे ३० वर्षं लागतात. दीर्घायुषी माणसाच्या वाट्याला ती दोन-तीनदा येणारच. एवढं कळलं तरी घाबरलेल्याचा जीव भांड्यात पडतो. महागडी शांत गळ्यात मारणारा नेमकं हेच सांगत नाही.

२००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवरून हुशार मुलं कोणती आणि बौद्धिक अक्षमता असलेली कोणती, ते सांगितलं. उत्तरं सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवूनही निम्मी जमली असती.

हा आकडा ठाऊक असलेला ज्योतिषी शस्त्रक्रियेचा मुहूर्त विचारणाऱ्याला सरळ सांगतो, "डॉक्टर म्हणतील ती तारीख धरा." जातकही पुढे मुलीची पत्रिका घेऊन त्याच्याचकडे येतो.