हरणाची सही

व्यवहार म्हटला की दोन पक्ष आले, आणि दोन पक्ष आले की दोन सह्या आल्या. बी. कॉम.ला मी जे काही शिकलो त्यातलं एवढंच पुढे बँकेत उपयोगी पडलं. त्यामुळे सहा हजार वर्षांपूर्वीचा एक करार वाचनात आला तेव्हा माझी नजर सवयीने खाली सह्यांच्या जागेकडे गेली. एक पक्ष गैरहजर होता.

हा करार आहे मिशेल पेव्हर या ब्रिटिश लेखिकेच्या 'वुल्फ ब्रदर' (2004) या मुलांच्या कादंबरीत. उत्तर युरोपातलं अरण्य. शेती नाही, गाव नाही, धातू नाही. टोराक नावाचा बारा वर्षांचा पोरगा. त्याच्या बापाला अस्वलाने मारलेलं. अस्वलही साधंसुधं नव्हे, अंगात पिशाच्च शिरलेलं. पोरगा एकटा, सोबतीला लांडग्याचं एक पिल्लू. (आमच्याकडे बारा वर्षांच्या मुलाला कोपऱ्यावरून दही आणायला पाठवायचं तरी घरात अर्धा तास चर्चा होते.)

करार असा की जगाचा जो आत्मा आहे त्याने माणसांना शिकार पुरवावी. बदल्यात शिकाऱ्याने प्रत्येक सावजाचा मान राखावा आणि त्यातलं काहीही वाया घालवू नये. टोराक एक लहानसं हरीण मारतो, त्याचे आभार मानतो आणि मग कामाला लागतो.

इथपर्यंत वाचून झाल्यावर आमच्या कन्येने विचारलं, "बाबा, आभार मानल्यावर हरणाला बरं वाटतं का गं?" तिने 'गं' म्हटलं ते तिच्या आईलाही ऐकू जावं म्हणून. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबांना विचार." म्हणजे प्रश्न तात्त्विक होता.

आता, हरणाला काय बरं वाटणार? ते मेलं. शिवाय करार त्याच्याशी नाहीच. करार वरच्या मालकाशी, हरीण म्हणजे नुसता माल. म्हशीसाठी कर्ज देताना आम्हीही म्हशीची सही घेत नाही, कानातला बिल्ला तेवढा बघतो. बाई लेखनात येण्यापूर्वी लंडनमध्ये वकिली करीत होत्या, तेव्हा कागदातली ही उणीव त्यांच्या नजरेतून सुटली असेल असं मला वाटत नाही. उलट त्यांनी गुंता वाढवून ठेवलाय. डोमकावळा टोळीचे लोक येतात आणि टोराकला धरतात, का, तर हरीण आमच्या रानातलं, तू चोर! म्हणजे आभार हरणाचे, पुरवठा आत्म्याचा आणि मालकी डोमकावळ्यांची. यात ज्याचा जीव गेला त्याचं म्हणणं कुठे नोंदवायचं, याला रकानाच नाही.

पहिल्यांदा मलाही वाटलं, सोय आहे ही. मारायचं ते मारायचं आणि वर दोन गोड शब्द. दुकानाच्या पावतीवर आभार छापलेले असतात, त्यातलाच प्रकार. पण त्या हरणाचं पुढे काय काय होतं ते बघा. कातडं सोलायचं, खरवडायचं. स्नायूंचा दोरा करायचा. हाडं नि शिंगं हत्यारांना. जठराचीसुद्धा पिशवी. पोराला पळायचंय, मागे अस्वल आहे, आणि तरी त्याला हरीण पुरतं आवरल्याशिवाय उठता येत नाही. हे आभार त्याला चांगलेच महाग पडतात. हरणाला यातून काही मिळत नाही हे खरंच. पण दुसरं हरीण मारण्यापूर्वी टोराक दहादा विचार करील, एवढं काम त्याच्या अंगावर पडलेलं असतं.

आमची आजी जन्मात कधी शिकारीला गेली नाही, पण कराराचं हे दुसरं कलम तिच्या राज्यात कडक होतं. पानात टाकायचं नाही. दुधीची सालंसुद्धा चटणीत जायची. हल्ली कार्यालयात जेवणाआधीचा श्लोक माइकवरून होतो आणि नंतर मागच्या दाराने अन्नाच्या बादल्या जातात. आम्ही शाकाहारी आहोत, असं सांगूनही सुटका नाही. चहातलं दूध वासराच्या वाटणीचं, आणि वासरानेही कुठे सही केलेली नाही.

सहा हजार वर्षांपूर्वीचे शिकारी खरोखर असं काही मनात आणीत होते का, हे जमीन उकरून कळत नाही. हाडं सापडतात, दगडाची पाती सापडतात. आभार कुजून जातात. म्हणून अशा कथा लिहिणाऱ्यांना अलीकडच्या शिकारी जमातींकडून उसनवारी करावी लागते. आणि तिथे गेलं की आभारांच्या बरोबर उलटा प्रकारही भेटतो.

कालाहारीतल्या जुहोआन्सी लोकांत रिचर्ड ली हा मानववंशशास्त्रज्ञ राहिला होता. त्याने 1969 साली एका लेखात त्यांची रीत सांगितली आहे. शिकार आणणाऱ्याचं कौतुक म्हणून करायचं नाही. हाडं आणलीस, एवढ्यासाठी आम्हाला इतक्या लांब चालवलंस, असंच म्हणायचं. शिवाय मांसाची वाटणी ज्याचा बाण त्याच्याकडे, आणि बाण एकमेकांना दिले-घेतलेले असतात. माझ्या मेहनतीवर व्याज दुसऱ्याच्या खात्यात! पण त्यांचा हिशेब पक्का आहे. भरपूर मांस आणणारा तरुण स्वतःला राजा समजू लागतो आणि बाकीच्यांना नोकर. तो उद्या माणूस मारील. त्यापेक्षा आज मांसाला नावं ठेवा.

टोराक हरणापुढे वाकतो, इथे शिकाऱ्याला शेजारी वाकवतात. माझी सोय विचाराल तर मला टोराकची रीत परवडेल. हरीण निदान उलटून बोलत नाही.

लीने नाताळासाठी मुद्दाम गलेलठ्ठ बैल विकत घेतला होता. जो येईल तो म्हणे, हा तर हाडांचा सापळा, यात काय खायचं? बिचारा हवालदिल झाला. पुढे बैल कापला तर चरबीच चरबी. त्या सापळ्यावर सगळ्यांनी दोन दिवस ताव मारला, नाचले, आणि हसून हसून बेजार झाले.