जोत्यापाशी कोण येतो?

वर्धा शहरातल्या एखाद्या गरीब कुटुंबाला प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले की त्या घराचे फोटो काढणे सुरू होते. पाया झाला की फोटो. भिंती लिंटलपर्यंत आल्या की फोटो. स्लॅब टाकला की फोटो, आणि घर पुरे झाले की पुन्हा एक. प्रत्येक फोटोला अक्षांश-रेखांश जोडलेले असतात, म्हणजे दुसऱ्याच्या घराचा फोटो दाखवून कोणी सरकारला फसवू नये. फोटो चढला तर पुढचा हप्ता. सगळे मिळून अनुदान अडीच लाख रुपये आणि घर साधारण ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचे.

यात चूक काहीच नाही. सार्वजनिक पैशाचा हिशोब असाच घ्यायला हवा. पण त्याच रस्त्याने पुढे जाऊन मुख्य बाजारात खाली दुकाने आणि वर तीन मजले अशी जी इमारत उभी राहते, तिच्या पायाचा फोटो कोणाकडे असतो? जोते तपासणीचा कागद असतो. त्यावर सही असते, शिक्का असतो. सही करणारा माणूस त्या दिवशी चुन्याची फक्की टाकलेल्या जागेवर टेप घेऊन उभा होता की कार्यालयात खुर्चीवर बसला होता, हे त्या कागदावरून कळत नाही. अडीच लाखांसाठी गरिबावर आपला विश्वास नाही आणि पन्नास माणसांच्या जिवासाठी मात्र सहीवर विश्वास आहे. ही उलटी रीत आपल्याला खटकतही नाही, आणि माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

नगरपालिकेत ‘इमारत निरीक्षक’ अशी पाटी लावलेली खोली सहसा नसते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी (रेल्वे) अशा नगरपरिषदांमध्ये हे काम बांधकाम विभागाचा अभियंता आणि नगररचनेचा रचना सहायक यांच्यात वाटलेले असते. निर्णय मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने होतो. त्याच अभियंत्याच्या टेबलावर रस्ते, नाल्या, पाणीटाकी आणि नगरसेवकांच्या तक्रारी असतात. निवडणूक आली की तेही काम येते. नकाशे तपासायचे, जागा पाहायची, सामासिक अंतरे मोजायची, अनधिकृत कामाला नोटीस द्यायची आणि नोटीस दिली म्हणून आलेले फोनही घ्यायचे. या माणसाला लोक दोनच नावांनी ओळखतात. त्याने अडवले तर ‘त्रास देणारा साहेब’, नाही अडवले तर ‘समजूतदार साहेब’. आपल्या समाजाने ‘समजूतदार’ या पदवीची किंमत फार स्वस्त ठेवली आहे.

कायदा दुबळा आहे का? तसे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये विनापरवानगी बांधकामाला कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आहे. कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस देता येते, ५४ खाली चालू काम थांबवता येते. दंड मात्र दोन ते पाच हजार रुपये, म्हणजे आजच्या भावात जेमतेम ट्रॉलीभर रेती. शस्त्रे आहेत, पण ती वापरणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही. वर्धेकरांना हे वेगळे सांगायला नको. पन्नास वर्षांपासून हा दारूबंदीचा जिल्हा आहे, आणि कागदावरची बंदी व गल्लीतली विक्री एकाच गावात कशा सुखाने नांदतात हे येथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

महाडची आठवण यासाठीच काढायला हवी. मुंबई-ठाण्याच्या इमारती कोसळल्या की आपण ‘महानगरातले प्रकार’ म्हणून पान उलटतो. महाड ही मात्र वर्ध्यासारखीच नगरपरिषद. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. ती जुनी, पडायला आलेली चाळ नव्हती. बांधून दहा वर्षेही झाली नव्हती. गुन्हा दाखल झाला तो फक्त बिल्डरवर नाही. वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार, नगरपरिषदेचे अधिकारी अशी सगळी साखळीच त्यात आली. साखळीतल्या प्रत्येकाची कुठे ना कुठे सही होती. ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी कोणीही मेले नव्हते, म्हणून ती सही हलकी वाटली.

आता आपल्या मातीकडे या. वर्धा जिल्ह्यातली बहुतेक जमीन काळी, कपाशीला मानवणारी. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. कपाशीला जे चालते ते घराला चालत नाही. पाया काळ्या मातीचा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. थर फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेल्या पाइलचा पाया घ्यावा लागतो, आणि जोत्याला बीम बांधून सगळे खांब एकमेकांना धरून ठेवावे लागतात. जोत्यात भरण घालायची तीही मुरमाची, खणून काढलेल्या काळ्या मातीची नव्हे. ठेकेदार मात्र मुरूम लागायच्या आधीच खड्डा थांबवतो, कारण उरलेल्या दोन-तीन फुटांत त्याची मजुरी, लोखंड आणि गिट्टी वाचते. निघालेली काळी माती तिथेच परत ढकलली की ती वाहून नेण्याचा खर्चही वाचतो. पुढे दोन पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. श्रावणात दार चौकटीत अडकते, चैत्रात आपोआप सुटते. घरमालक मिस्त्रीला बोलावून भेगेत पुट्टी भरून घेतो आणि वर रंग मारतो. पायाखालची गोष्ट पायाखालीच राहते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर सगळा दोष नगरपालिकेच्या अभियंत्यावर टाकून आपण मोकळे होऊ. नगरपालिकेचा माणूस जोते तपासतो तो मुख्यतः हद्द, सामासिक अंतर आणि मंजूर नकाशा पाहण्यासाठी. लोखंड किती, पाया किती खोल, काँक्रीट कसे, याची जबाबदारी परवानाधारक अभियंता आणि संरचना अभियंता यांची. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या छोट्या घरांसाठी मंजुरीची वाट पाहण्याची गरज जवळजवळ संपवली. अभियंत्याने स्वतः प्रमाणित केलेला नकाशा आणि भरलेले शुल्क यांवर काम सुरू करता येते. हे चांगलेच झाले. खेटे कमी झाले आणि खेट्यांबरोबर चिरीमिरीही. पण मग खाजगी अभियंत्याची सही हीच खरी राखण उरली. जागा न पाहता ठरलेल्या रकमेवर सही देणारा अभियंता मग कोणाला फसवतो? नगरपालिकेला नव्हे. ज्याने त्याला पैसे दिले त्यालाच.

आणि ज्याने पैसे दिले तो कोण? तो आपणच. लाच मागणाऱ्या हाताबद्दल आपण तावातावाने बोलतो, पण ती देणारा हात बहुतेक वेळा काहीतरी विकत घेत असतो: बाजूचे तीन फूट, पुढची वाढवलेली ग्यालरी, रस्त्यावर उतरवलेला जिना, नालीवर बांधलेला ओटा. ‘माझी जागा, माझे घर, कोणाचे काय जाते?’ हा प्रश्न फार प्रामाणिकपणे विचारला जातो. उत्तर शेजाऱ्याला विचारावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा दोन घरांमधली ती मोकळी पट्टी म्हणजे शेजारच्या म्हातारीचा वारा असतो. आग लागली तर बंब तिथूनच आत येतो. नालीवरच्या ओट्यामुळे सफाई कामगाराला फरशीखाली हात घालून गाळ काढावा लागतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी खालच्या वस्तीत शिरते. ज्या तीन फुटांना आपण ‘आपली जागा’ म्हणतो ते खरे तर गावाचे असतात. भूखंडाच्या दस्तात तसे लिहिलेले नसते, एवढेच.

निरीक्षकाची दुसरी परीक्षा याहून अवघड आहे. त्याचा टेप कोणाच्या दारात आधी उघडतो? नझूलच्या जागेवरची टिनाची टपरी सकाळी उठते, आणि मंजुरीपेक्षा एक मजला जास्त चढवलेली इमारत वर्षानुवर्षे ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ या वाक्याखाली सुरक्षित राहते. ज्याच्याकडे पट्टाच नाही त्याला परवानगी मागता येत नाही, आणि परवानगी नाही म्हणून तो कायम गुन्हेगार. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले की पंधरा दिवसांची नोटीस आणि ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही, आणि नियम मोडून पाडले तर अधिकाऱ्याला व्यक्तिशः भरपाई द्यावी लागेल. महिनाभराने, १७ डिसेंबरला, त्याच न्यायालयाने दुसऱ्या निकालात बजावले की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये, बँकांनी कर्जही त्यानंतरच द्यावे, आणि बेकायदा बांधकामाकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी. दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. बुलडोझर हा निरीक्षणाचा पर्याय नव्हे. जोत्यापाशी जो आला नाही, त्याला छतापाशी बुलडोझर घेऊन येण्याचा नैतिक अधिकार नाही.

शहराच्या हद्दीबाहेर तर प्रश्न आणखीच निसरडा होतो. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी, म्हसाळा ही नावाने गावे. वर्ध्याशी ती इतकी जुळली आहेत की कुठे शहर संपले ते रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. तिथे लेआऊट पडले, फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. गावठाणाबाहेरची परवानगी ग्रामपंचायतीच्या हाती नसते आणि नगरपरिषदेचा अभियंता रस्त्याच्या अलीकडे थांबतो. पलीकडे तपासायला येणारा माणूस जिल्हा पातळीवरच्या कार्यालयातून यायचा. तो किती वेळा येतो, हे तिथे राहणाऱ्यांनी आपापले आठवावे.

याच वर्ध्यापासून काही किलोमीटरवर १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींनी मुक्काम ठोकला, तेव्हा घर बांधणाऱ्यांना त्यांनी अटी घातल्या होत्या: साहित्य आसपासचे, कारागीर गावचे, खर्च शंभर रुपयांच्या आत. आदि निवास या त्या पहिल्या कुटीचा खर्च त्याच्या कित्येक पट झाला. आश्रमाची माहिती सांगताना हा वाढलेला आकडाही सांगितला जातो. मला त्या कुडाच्या भिंतींपेक्षा हे अधिक महत्त्वाचे वाटते. मंजूर एक, झाले दुसरे, हे कोणत्याही बांधकामात घडू शकते. त्यासाठीच सुधारित नकाशाची सोय आहे. घडले ते उघड ठेवणे आणि सहीच्या आड झाकणे यांत मात्र नीतीचा फरक आहे. सेवाग्रामला पाहुणे नेऊन त्या कुटीपुढे हात जोडायचे आणि परतताना आपल्याच गल्लीतल्या नालीवरचा ओटा ओलांडून घरात शिरायचे, हे आपल्याला जमते कसे?

मागणी साधी आहे. घरकुलाला जो नियम तोच दुकानगाळ्यांच्या इमारतीला लावा. काँक्रीट पडण्यापूर्वी उघड्या पायाचा आणि जोत्याचा अक्षांश-रेखांशासह फोटो घ्या, त्यात सही करणारा अभियंता जागेवर उभा दिसू द्या, आणि तो नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येईल असा ठेवा. यंत्रणा तयार आहे, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. अडचण यंत्राची नाही. असा फोटो एकदा निघाला की बेकायदा मजल्याला पुढे ‘समजून घ्या साहेब’ म्हणता येत नाही, खरी अडचण ती आहे.

तोवर नागरिकाने एवढे करावे. फ्लॅट घेताना टाइल्स आणि मॉड्युलर किचन नंतर पाहा. आधी भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि जोते तपासणीची तारीख विचारा. ती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.