पुरेसे म्हणजे किती?

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आटोपत आल्या, की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास डोके वर काढतो: मुलासाठी लॅपटॉप कोणता घ्यावा? प्रश्न दुकानातला वाटतो आणि म्हणून तो दुकानदारावर, एखाद्या मावसभावावर किंवा रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटणाऱ्या जाणत्या तरुणावर सोपवून पालक मोकळे होतात. आम्हांस मात्र हा प्रश्न नीतिविचाराचा वाटतो. चाळीस हजारांपासून लाख-सव्वा लाखांपर्यंत आणि त्याही पुढे किमतींची शिडी उभी असते. तिच्या कोणत्या पायरीवर थांबावे हे यंत्र सांगत नाही. ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ घरातल्या माणसांनाच लावावा लागतो, आणि तो लावताना प्रेम, भीती, प्रतिष्ठा आणि कर्ज अशा चार गोष्टी एकाच वेळी कानाशी बोलू लागतात.

प्रथम काम काय आहे ते पाहू. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष बहुतांशी सर्व शाखांना समान असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यांत्रिकीची मूलतत्त्वे, आरेखन आणि सी किंवा पायथॉन भाषेतले प्रोग्रॅमिंग यांसाठी अलीकडच्या पिढीचा मध्यम प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि पाचशे बारा जीबीची एसएसडी एवढे असले म्हणजे काम सुखाने चालते. आठ जीबीवरही ते चालते, पण ओढाताण होते. पुढे मेकॅनिकल वा सिव्हिलच्या विद्यार्थ्याला त्रिमिती आरेखन करावे लागते, कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला एकाच वेळी अनेक जड प्रोग्रॅम उघडावे लागतात. तेथे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड किंवा अधिक रॅम उपयोगी पडते, हे खरे. परंतु ‘गेमिंग’ म्हणून विकला जाणारा लॅपटॉप चार्जरसकट अडीच-तीन किलोंच्या घरात जातो आणि चार्जिंगविना फार वेळ तग धरीत नाही. तो पाठीवर घेऊन सकाळच्या विरार लोकलमध्ये शिरून बांद्र्याला वा कुर्ल्याला जावयाचे आहे, हे खरेदीच्या उत्साहात कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या टोकाला अॅपलचे मॅकबुक. बॅटरी उत्तम, वजन कमी. पण मेकॅनिकलच्या मुलांना लागणारे सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालते. अधिक पैसे मोजले म्हणजे अधिक उपयोग झालाच, असे नाही.

येथवरचा हिशेब सोपा. अडचण पुढे आहे. गरज ठरवावयाची ती आजची की चार वर्षांनंतरची? आणि ती नेमकी कोठे संपते?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात दानधर्माची चर्चा करताना या प्रश्नाला हात घातला आहे. गरज दोन प्रकारची असते, असे ते मानतात. एक, जिच्यावाचून मनुष्य जगूच शकत नाही ती. दुसरी, जिच्यावाचून त्याला आपल्या स्थितीला आणि आपल्यावरील जबाबदारीला साजेसे जगता येत नाही ती. या दुसऱ्या गरजेविषयी ते सांगतात, की ती एखाद्या बिंदूसारखी नसते. तिच्यात बरीच भर घातली तरी ‘आता गरजेपलीकडे गेले’ असे म्हणता येत नाही, आणि तिच्यातून बरेच काढून घेतले तरी शोभेसे जगण्यास पुरेसे उरते. ज्या वाचकांना धर्मशास्त्राकडून नेमका आकडा हवा असतो त्यांची येथे निराशा होईल. आम्हांस मात्र यात मोठा दिलासा दिसतो. अमुकच यंत्र योग्य आणि बाकी सारी पापे, असा घोर लावून घेण्याचे कारण उरत नाही. योग्य खरेदीला रुंदी असते. पण रुंदी असली तरी तिला कडाही असतात, आणि त्या दोन्ही बाजूंना असतात.

वरच्या कडेविषयी आपल्या प्रवचनांतून बरेच ऐकावयास मिळते. खालच्या कडेविषयी फारसे कोणी बोलत नाही. काही घरांत साधेपणाच्या नावाखाली मुलाला असे यंत्र दिले जाते, की ते सुरू होईपर्यंत वर्गातले उदाहरण सोडवून संपलेले असते. काही घरांत तेही नाही. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर प्रोग्रॅम लिहावयाचे आणि कॉलेजची प्रयोगशाळा बंद झाली की मित्राचे तोंड पाहावयाचे. जेथे पैसाच नाही तेथे बोलणे खुंटते. तेथे धर्मग्रामाने पुढे व्हावयास हवे. पण जेथे पैसा आहे, आणि त्याच वर्षी घरासमोरच्या मांडवासाठी आणि बँडसाठी त्याची टंचाई भासलेली नाही, तेथे हा साधेपणा नव्हे. शिकणाऱ्याच्या वाट्याचे त्यातून काढून घेतलेले असते.

भविष्यासाठी किती साठवावे, या प्रश्नावर निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील मान्न्याची हकिकत विचार करण्याजोगी आहे. रानात इस्राएल लोकांनी दर माणशी ठरावीक मापाने मान्ना गोळा केला. ज्याने अधिक वेचला त्याला जास्त झाला नाही, ज्याने कमी वेचला त्याला उणे पडले नाही. उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले. ही गोष्ट आपण बहुधा येथेच थांबवितो आणि उद्याची चिंता करू नये असे तात्पर्य काढतो. परंतु त्याच अध्यायात पुढे सहाव्या दिवशी दुप्पट वेचण्याची आज्ञा आहे, आणि तो दुप्पट मान्ना नासला नाही. सातवा दिवस येणार हे ठाऊक होते, त्या दिवशी वेचावयाचे नाही हेही ठाऊक होते. जे निश्चित येणार आहे त्यासाठी केलेली साठवण देवाला मान्य आहे. जे केवळ भयाने मनात येते त्यासाठीची नासते.

लॅपटॉपला हे सरळ लागू पडते. पहिल्या वर्षानंतर गुणवत्तेनुसार काहींची शाखाही बदलते. मग चौथ्या वर्षाच्या कल्पित प्रकल्पासाठी आजच कर्जाचे हप्ते का ओढवून घ्यावेत? त्यापेक्षा ज्याच्यात रॅमची जागा मोकळी आहे, एसएसडी बदलता येते, असे यंत्र निवडणे शहाणपणाचे. अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम पक्की डाखलेली असते. तेथे मात्र आज जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत, म्हणून ती आधीच पुरेशी घ्यावी. ही बारीकसारीक माहिती दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. विचारावी लागते.

मान्न्याच्या गोष्टीत आणखी एक शब्द आहे, आणि आम्हांस तो सर्वांत बोचतो: ज्याच्या-त्याच्या खाण्याप्रमाणे. आपल्या कुटुंबांत एकाच छपराखाली दोन-तीन मुले शिकत असतात. मुलगा इंजिनियरिंगला गेला म्हणून त्याला नवा लॅपटॉप, आणि आयटीआयला फिटरचे काम शिकणाऱ्या त्याच्या भावाला हत्यारांचा चांगला संच मागतानाही ओशाळावे लागते. मुलगी कॉम्प्युटरला गेली तर ‘सध्या दादाचा जुना चालेल’, आणि तिच्याहून हलके काम असणाऱ्या भावासाठी मात्र लाखाचे बोलणे. सर्वांना सारखे द्यावे असे आम्ही म्हणत नाही. सारखेपणा हाही कधीकधी आळशीपणा असतो. पण माप कामाचे असावे, लाडाचे वा लिंगाचे नसावे. आईबापांनी एकदा तरी कागदावर तिन्ही मुलांची नावे शेजारीशेजारी लिहून हा खर्च मांडून पाहावा. कागद पुष्कळ काही बोलून जातो.

आणि घराबाहेरचे? चौथ्या शतकातील संत बेसिल यांनी कोठारे वाढविणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर बोलताना पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा असल्याचे बजावले. लॅपटॉपच्या बॅटरीत सामान्यतः कोबाल्ट असते, आणि जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघते. तेथील हातांनी खोदलेल्या खाणींत लहान मुले राबतात, हे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 2016 साली उघड केले. पोप फ्रान्सिस 2023 च्या जानेवारीअखेर किन्शासाला गेले, तेव्हा या लुटीविरुद्ध त्यांनी कठोर शब्द उच्चारले. म्हणून मुलाने लॅपटॉपच घेऊ नये काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याने खाणीतले एकही मूल वर येत नाही. पण आपले यंत्र तीन वर्षांऐवजी सहा वर्षे चालविले तर त्या जमिनीकडे आपण निम्म्या वेळा हात पसरतो. म्हणजे ‘पुरेसे’ हे किमतीत जसे मोजावे तसे वर्षांतही मोजावे लागते.

येथे मात्र आपल्या हातात सारे नाही. विंडोज 10 ला मिळणारा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि साधारण 2018 पूर्वीच्या प्रोसेसरांना विंडोज 11 अधिकृतपणे स्वीकारीत नाही. ठणठणीत यंत्रे अशी एका तारखेने म्हातारी ठरली. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवता येते. बॅटरी नवी घातली आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी लावली, तर दहावी-अकरावीच्या अभ्यासाला ते आणखी काही वर्षे सहज पुरते. कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने हे काम स्वतःच्या हातांनी करावे. घरात नवा लॅपटॉप येईल त्या आठवड्यातच जुन्याचे काय, हे त्याला विचारावे, आणि वाडीत कोणाला तो हवा आहे याची चौकशीही त्यालाच करावयास लावावी.