बंद डबा आणि उघडणारा हात

अन्न टिकावे म्हणून ते हवाबंद करणे आणि हवाबंद केलेले पात्र गरजेच्या वेळी सहज उघडता येणे, ही एकाच गरजेची दोन अंगे असली तरी तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्यांची वाटचाल बरोबरीने झालेली नाही. पत्र्याच्या डब्यात अन्न साठवण्याच्या पद्धतीला इंग्लंडमध्ये १८१० साली पेटंट, म्हणजे शोधावरचा ठरावीक मुदतीचा कायदेशीर हक्क, मिळाले. परंतु असा डबा उघडण्यासाठी खास घडवलेले हत्यार यायला त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षे जावी लागली. बंद करणे हे उत्पादकाच्या हिताचे आणि उघडणे हे वापरणाऱ्याच्या गरजेचे काम असल्यामुळे भांडवल आणि बुद्धी पहिल्याकडे आधी वळली, आणि दुसरे काम वापरणाऱ्याच्या छिन्नी-हातोडीवर सोपवले गेले, असे या विलंबातून दिसते. डबा कापणारा टिनकटर आणि बाटलीचे बूच काढणारा ओपनर ही स्वयंपाकघरातील खणाच्या तळाशी पडून राहणारी अवजारे विचाराला विषय पुरवतात ती याच कारणाने: वस्तू बनवणारा आणि वस्तू वापरणारा यांच्यातील नाते कसे असावे, हा प्रश्न त्यांच्या घडणीत उघडपणे दिसतो.

हवाबंद साठवणीचा पाया निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने घातला. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, त्यांना घट्ट बुचे बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्यास अन्न दीर्घकाळ बिघडत नाही, हे त्याने प्रयोगांनी दाखवले आणि फ्रेंच सरकारकडून बारा हजार फ्रँकचे पारितोषिक मिळवले. अन्न का टिकते याचे कारण, म्हणजे उष्णतेने सूक्ष्मजीव नष्ट होतात आणि बंद पात्रात नवे शिरत नाहीत हे, लुई पाश्चरच्या संशोधनाने पुढे अर्ध्या शतकाने स्पष्ट झाले. काचेऐवजी कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे पात्र वापरण्याचे पेटंट लंडनमध्ये पीटर ड्युरँड यांनी घेतले, आणि ब्रायन डॉन्किन व जॉन हॉल यांच्या कारखान्यातून १८१३ पासून असे डबे ब्रिटिश नौदलाला पुरवले जाऊ लागले. हे डबे हाताने घडवलेले, डाख देऊन जोडलेले आणि जाड पत्र्याचे असत. १८२४ साली ध्रुवीय प्रदेशाकडे निघालेल्या पॅरी यांच्या मोहिमेतील मांसाच्या डब्यावर, वरच्या बाजूला कडेलगत छिन्नी आणि हातोडीने गोल कापावे, अशी सूचना छापलेली होती. बर्फाळ समुद्रावरील खलाशाजवळ ही दोन हत्यारे असतातच, हे त्या सूचनेत गृहीत धरलेले आहे. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा विचार तेथे अजून सुरूही झालेला नव्हता.

पत्रा पातळ होत गेला आणि डबा शिधावाल्याच्या दुकानातून घरात येऊ लागला, तेव्हा कुठे उघडण्याचे हत्यार ही स्वतंत्र गरज ठरली. १८५५ साली लंडनमध्ये चाकू-सुऱ्या व शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे रॉबर्ट येट्स यांनी पंजासारख्या टोकाचे, हाताने रेटत न्यायचे हत्यार तयार केले. १८५८ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या वॉटरबरी गावातील एझ्रा वॉर्नर यांनी पेटंट घेतलेल्या हत्यारात टोकदार पाते आधी पत्र्यात घुसत असे, ते गरजेपेक्षा खोल जाऊ नये म्हणून त्याला एक अडसर असे, आणि मग विळ्यासारखे दुसरे पाते कडेने फिरवत नेता येत असे. अमेरिकी यादवी युद्धात सैन्याने ते वापरले. मात्र घरच्या वापरासाठी ते धोक्याचेच होते. १८७० साली विल्यम लायमन यांनी पात्याच्या जागी फिरते चाक आणले. त्यांच्या हत्यारात एक टोक डब्याच्या झाकणाच्या मध्यबिंदूवर रोवावे लागे आणि चाकाचे अंतर डब्याच्या आकाराप्रमाणे जुळवून घ्यावे लागे. १९२५ च्या सुमारास दुसरे, दातेरी चाक आले, जे डब्याची कड खालून घट्ट धरते आणि किल्ली फिरवताच डबा पुढे सरकवते. ही रचना आल्यावर डब्याचा व्यास जाणून घेण्याची गरज उरली नाही.

या शेवटच्या पायरीमागे एक महत्त्वाची अट होती, ती म्हणजे प्रत्येक डब्याची कड सारखी असण्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी डाख देण्याची जुनी पद्धत मागे पडून दुहेरी दुमड, म्हणजे झाकणाची आणि डब्याची कड एकमेकींत अडकवून दोनदा वळवून दाबण्याची पद्धत, रूढ झाली होती. त्यामुळे डबा लहान असो वा मोठा, त्याला वर उचललेली, एकसारखी कड मिळाली आणि त्या कडेचा आधार घेऊन चालणारे एकच हत्यार सर्व डब्यांना पुरेसे ठरले. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील कारखान्यात भरलेला हापूसच्या रसाचा डबा अमेरिकेतील मराठी घरात तिथल्याच दुकानातून आणलेल्या साध्या टिनकटरने उघडतो, तो कडेच्या या समान मापामुळे. भरणाऱ्याची आणि उघडणाऱ्याची कधी गाठ पडत नाही, आणि तरीही दोघांमध्ये एक करार पाळला जातो.

बाटलीच्या बाबतीत असा करार अधिक झटपट झाला, कारण तेथे बंद करणारा आणि उघडण्याचा विचार करणारा माणूस एकच होता. बाल्टिमोर येथील विल्यम पेंटर यांनी १८९२ साली दातेरी कडेच्या पत्र्याच्या बुचाचे पेटंट घेतले आणि दोनच वर्षांनी, १८९४ साली, ते काढण्याच्या ओपनरचेही घेतले. या बुचाच्या आत कॉर्कची पातळ चकती असे, जिच्या जागी पुढे प्लॅस्टिकचे अस्तर आले. मूळच्या चोवीस दात्यांचे पुढे एकवीस झाले. परंतु रचना बदलली नाही. ओपनर ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे, म्हणजे जिच्यात टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार मध्ये असतो; अडकित्त्यातही हीच मांडणी आढळते. ओपनरचे पुढचे टोक बुचाच्या माथ्यावर टेकते, त्याची जीभ दात्यांखाली अडकते आणि मूठ वर उचलली जाते. टेकूपासून दाते दोन सेंटिमीटरवर आणि हात दहा सेंटिमीटरवर असेल, तर हाताचे बल पाचपट होऊन दात्यांवर लागते, आणि म्हणूनच जे बूच बोटांनी हलतही नाही ते मनगटाच्या एका उचलीने निघते.

पेंटर यांचे बूच एकदा वापरून टाकून देण्यासाठी होते. त्यांच्या कंपनीत विक्रेता म्हणून काम केलेल्या किंग कँप जिलेट यांना, लोक वापरून टाकतील आणि पुन्हा विकत घेतील अशी वस्तू शोधण्याचा सल्ला त्यांनी दिला होता, आणि त्या विचारातून पुढे दाढीचे बदलते पाते आले. म्हणजे बुचाच्या या जोडीत एक भाग क्षणभंगुर आणि दुसरा दीर्घायुषी आहे: बुचे लाखोंनी फेकली जातात आणि ओपनर एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो. याच्या नेमकी उलट मांडणी हायरम कॉड यांनी १८७२ साली पेटंट घेतलेल्या, महाराष्ट्रात गोटी सोड्याची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाटलीत आहे. तेथे झाकण म्हणजे बाटलीच्या गळ्यातील काचेची गोटी. आतील वायूच्या दाबाने ती रबरी कड्यावर घट्ट बसते आणि लाकडी दट्ट्याने खाली ढकलली की सोडा फुटतो. येथे टाकून देण्याजोगे काहीच उरत नाही, कारण झाकण बाटलीतच राहते, बाटली विक्रेत्याकडे परत जाते आणि दट्ट्याही त्याच्याच गाडीवर असतो.

पत्र्याच्या डब्यातील बिअर १९३५ साली अमेरिकेतील रिचमंड शहरात प्रथम विक्रीस आली, तेव्हा सपाट झाकणाला भोक पाडणारे त्रिकोणी टोकाचे ओपनर तिच्याबरोबर प्रचारात आले. त्यातील खाच कडेखाली अडकते, मूठ वर उचलली की टोक पत्र्यात उतरते, आणि टेकू मध्ये असल्याने ही पहिल्या प्रकारची तरफ ठरते. अशी भोके नेहमी समोरासमोर दोन पाडावी लागतात, कारण एकाच भोकातून द्रव बाहेर पडू लागला की आतला दाब कमी होतो, बाहेरची हवा त्याच वाटेने आत शिरू पाहते आणि धार अडखळते. दुसरे भोक हवेला वेगळी वाट देते. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोके पाडणारा किराणा दुकानदार हाच नियम पाळतो.

चांगले अवजार ठरवून दिलेल्या कामापुरते मर्यादित राहत नाही. दाबून बसवलेले रंगाच्या किंवा तुपाच्या डब्याचे झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटल्यास दांडा वाकतो, ओपनरच्या जाड टोकाने ते विनासायास उठते. मुरंब्याच्या बरणीचे पत्र्याचे झाकण आतील निर्वात पोकळीमुळे फिरत नसेल, तर त्याच्या कडेखाली ओपनर घालून ती किंचित उचलली की हवा आत शिरते आणि झाकण हाताने फिरते. अमेरिकी सैन्यासाठी १९४२ साली तयार झालेला पी-३८ हा जेमतेम अडतीस मिलिमीटर लांबीचा, बिजागरीचा टिनकटर सैनिक ओळखपट्टीच्या साखळीत अडकवून ठेवत आणि शिध्याचे डबे उघडण्याबरोबरच स्क्रू पिळणे, दोरा कापणे, बुटांचा चिखल खरवडणे अशा कामांना वापरत. त्याला मोटर नाही, धार लावण्याची विशेष खटपट नाही आणि हरवण्याखेरीज बिघडण्याची फारशी सोयही नाही.

ओपनरचे महत्त्व कमी झाले ते अर्मल फ्रेझ यांच्या शोधाने. १९६३ साली पेटंट मिळालेल्या त्यांच्या रचनेत ओढायची कडी झाकणालाच जोडलेली होती, त्यामुळे उघडण्याचे साधन प्रत्येक डब्याबरोबर फुकट मिळू लागले. सुटी होणारी ही धारदार कडी समुद्रकिनाऱ्यांवर आणि बागांत सर्वत्र विखुरली, माणसांच्या पायांना व जनावरांच्या पोटाला घातक ठरली, आणि डॅनियल कुड्झिक यांच्या रचनेने १९७५ पासून झाकणाला चिकटूनच राहणारी कडी रूढ झाली. या सोयीचे मोल नाकारता येत नाही: प्रवासात, आपत्तीत किंवा हत्यार जवळ नसताना ती उपयोगी पडते. परंतु वृद्धांच्या आणि संधिवात झालेल्यांच्या बोटांना लहानशी कडी उचलणे टिनकटर फिरवण्याइतकेच अवघड जाते. शिवाय एका घराला वर्षानुवर्षे पुरणाऱ्या हत्याराच्या जागी धातूची एक कडी प्रत्येक डब्यावर बसते आणि एकदा वापरून निकामी होते.

जुन्या हत्याराचा पुरस्कार करताना त्याची जबाबदारीही सांगितली पाहिजे. टिनकटरचे चाक अन्नाला लागते, म्हणून प्रत्येक वापरानंतर ते साबणाने धुऊन कोरडे करणे आवश्यक आहे. वरून कापलेले झाकण अन्नात पडते आणि त्याची कड बोट कापते. दुमड बाजूने कापणारी हत्यारे हा धोका टाळतात. डबा फुगलेला असेल तर तो उघडूच नये, कारण ती फुगवटी बहुधा जीवाणूंनी तयार केलेल्या वायूची खूण असते, आणि त्यांपैकी काहींचे विष चव किंवा वास न बदलताही प्राणघातक ठरते.

या दोनशे वर्षांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. जी कड, जे बूच आणि जे माप सर्वांसाठी समान ठेवले जाते, त्यावर एक स्वस्त आणि टिकाऊ अवजार हजारो वस्तूंना पुरते, आणि उघडण्याची सत्ता वापरणाऱ्याच्या हाती राहते. जेथे प्रत्येक उत्पादक आपले वेगळे झाकण घडवतो, तेथे ती सत्ता त्याच्याकडे जाते. घरात एक चांगला टिनकटर आणि एक मजबूत ओपनर जपून ठेवणे हे त्या दृष्टीने शहाणपणाचे आहे, आणि नवे पात्र घडवणाऱ्यांनी सर्वांत अशक्त हात समोर ठेवून विचार सुरू करणे हे कर्तव्याचे. जे पात्र उघडताना वापरणाऱ्याला इजा होते, ते कितीही उत्तम बंद केलेले असले तरी त्याची रचना अपुरीच राहिलेली असते.